०.२ मागचे चारशे कोटी

कर्करोगामुळे प्रोस्टेट काढल्यानंतरच्या रिपोर्टवर 'पीएसए ०.२' दिसलं की घरच्यांना हायसं वाटतं. ऑपरेशनआधी चारपर्यंत चालतं म्हणत होते, मग ०.२चं काय एवढं! युरॉलॉजिस्ट मात्र पुन्हा रक्त द्यायला लावतात, कारण पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन; ग्रंथीच उरली नाही तर ते बनवतंय कोण? दुसऱ्यांदाही आकडा तेवढा किंवा जास्त आला, तर कर्करोग परतल्याची ती पहिली खूण धरतात.

०.२ म्हणजे मिलिलीटरमागे नॅनोग्रॅमचा पाचवा हिस्सा. अंगातल्या साधारण तीन लिटर रक्तद्रवातलं सगळं पीएसए गोळा केलं, तरी साखरेच्या एका दाण्याच्या हजाराव्या भागाएवढंच भरेल. आता वजन सोडा, रेणू मोजा. एका मिलिलीटरमध्ये सुमारे ४०० कोटी! सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजले तर सव्वाशे वर्षं लागतील. पण त्याच थेंबांत एकेका पीएसएमागे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे नऊएक कोटी रेणू गर्दी करून असतात. या गर्दीतून तपासणी नेमकं पीएसए उचलते ते दोन अँटीबॉडींच्या जोरावर: एक त्याला धरून ठेवते, दुसरी त्याच रेणूला चिकटून मोजता येईल असा संकेत देते. मला तर यात मशीनपेक्षा त्या अँटीबॉडींचंच जास्त कौतुक वाटतं.

ऑपरेशननंतर रक्तातलं पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मं होतं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भाग उरतो, म्हणजे महिनाभराचं काम. म्हणूनच पहिली तपासणी सहा-आठ आठवड्यांनी करतात. त्याआधी केली तर जुनाच साठा मोजला जायचा.

आकडा चढला म्हणजे सगळं संपलं, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९८२ ते १९९७ या काळात एकाच सर्जनने ऑपरेशन केलेल्या १९९७ पुरुषांपैकी (हो, वर्षाचा आणि माणसांचा आकडा योगायोगाने एकच) ३१५ जणांचं पीएसए पुढे वाढलं. त्यातल्या ज्या ३०४ जणांना लगेच हार्मोन उपचार दिले नव्हते, त्यांच्यात पीएसए वाढल्यापासून रोग अन्यत्र पसरेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षं निघाला. पीएसए किती, यापेक्षा ते किती दिवसांत दुप्पट होतं, याला वजन जास्त. तीन महिन्यांत दुप्पट झालं तर वर्षात सोळापट. पंधरा महिने लागले तर वर्षाअखेरीस दुप्पटही नाही.

पण हा वेग कळायला वाट पाहावी लागते. मग ऑपरेशनच्या दिवशीच भाकीत सांगणारं प्रथिन का सापडू नये? इथे आकडेच आडवे येतात. ५,००० प्रथिनं तपासली आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर एकाचाही रोगाशी संबंध नसला तरी २५० निव्वळ योगायोगाने 'पास' होतात. त्यामुळे एका गटात चमकलेली यादी दुसऱ्या रुग्णांवर पुन्हा ताडून बघावीच लागते. अशा चाळणीतून अनेक अभ्यासांत टिकलेलं एक नाव म्हणजे पीटेन. ते रक्तात नव्हे, काढलेल्या ग्रंथीच्या काचपट्टीवर रंग देऊन बघतात, आणि गाठीतल्या पेशींनी रंग धरला नाही, म्हणजे पीटेन नाहीसं झालेलं दिसलं, तर रोग उलटण्याचा धोका जास्त मानतात.