आंबा घाटाचा हिशेब: जुनी इलेक्ट्रिक, नवी पेट्रोल

सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नवी पेट्रोल सेडान? रत्नागिरीकराने हा प्रश्न आंबा घाटाला विचारावा. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची मोटर 129 अश्वशक्तीची, तर 2023 च्या ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो इंजिन 160 अश्वशक्तीचं. कागदावर व्हर्ना सरस आहे. घाटात मात्र ऊर्जा मोजावी लागते.

समुद्रसपाटीपासून आंबा गावापर्यंतची चढण साधारण 600 मीटर. माणसं-सामानासकट 1,700 किलोची गाडी तेवढी वर न्यायला निदान पावणेतीन युनिट ऊर्जा लागतेच. घर्षण आणि वाऱ्याचा विरोध वेगळा. मोटर तिला मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोचवते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते खरी, पण चढावर, म्हणजे इंजिन चांगल्या कार्यक्षमतेने चालत असतानाही, त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच भाग कामी येतो. बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातो. सेडान वजनाने हलकी, तरी नुसती उंची गाठायला तिला पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल लागतं.

खरी गंमत उतारावर आहे. गिअरमध्ये ठेवून उतरवलेल्या सेडानचं इंजिन पेट्रोलचा पुरवठा बंद करतं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण चढताना कमावलेली ऊर्जा तिला परत मिळत नाही. ब्रेक आणि इंजिनात ती उष्णता होऊन संपते. इलेक्ट्रिक गाडीत तीच मोटर जनित्र होते आणि त्या ऊर्जेचा बराच वाटा बॅटरीत परत भरते. मात्र आंब्याला मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही, आणि सुरुवातीच्या वळणांवर सगळा भार ब्रेकवर येतो.

राहिला वयाचा मुद्दा. या नेक्सॉनची बॅटरी 30.2 युनिटची आणि तिची वॉरंटी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशी उष्णतेनेही. काठोकाठ भरून उन्हात उभी केली तर अधिकच. कोकणचा उन्हाळा घामाने भिजवतो, पण चंद्रपूरसारखा 45 अंशांवर जात नाही. बॅटरीला हा किनारा मानवतो.

तरीही क्षमता पाचव्या हिश्श्याने घटली असं धरू. उरली 24 युनिट. किलोमीटरला 0.15 युनिट धरलं, तर कोल्हापूरच्या सुमारे 130 किलोमीटरना साडेएकोणीस, वर घाटाची तीन. गाडी पोचेल, पण जेमतेम; पावसात, एसी लावून, मी तरी वाटेत चार्ज केल्याशिवाय जाणार नाही. शहरात आणि गणपतीपुळे-पावसच्या फेऱ्यांना ही जुनी गाडी मला नव्या सेडानपेक्षा शहाणी निवड वाटते. दर आठवड्याला मुंबई गाठायची असेल, तर सेडान घ्या. आणि जुनी इलेक्ट्रिक घेण्याआधी किलोमीटरच्या आकड्यावर भुलू नका. बॅटरीची उरलेली क्षमता सर्व्हिस सेंटरमधून तपासून, लेखी घ्या.