माला श्यांग ग्वो: वाडगा भरताना डोकं जागेवर ठेवा

मागच्या भागानंतर सिंगापूरला नवीनच आलेल्या एका श्रोत्याचा मेसेज आला. "हॉकर सेंटरमध्ये 5-6 डॉलरमध्ये पोट भरतं असं तू म्हणालास, मग माझं एका वाडग्याचं बिल 26 डॉलर कसं झालं?" मी विचारलं, काय खाल्लंस? उत्तर आलं, माला. म्हटलं, बरोबर आहे. तर आज फक्त त्याच्याबद्दल बोलू.

आधी नाव. चिनी भाषेत 'मा' म्हणजे बधिर आणि 'ला' म्हणजे तिखट. 'श्यांग ग्वो' म्हणजे सुगंधी भांडं. हॉटपॉटमध्ये उकळता रस्सा मध्ये ठेवून त्यात एकेक गोष्ट शिजवत बसतात. हा त्याचा कोरडा भाऊ. तेच साहित्य, तोच सिचुआनी मसाला, पण सगळं मोठ्या आचेवर कढईत परतलेलं. आपल्याकडे रस्सा आणि सुकं असतं ना, साधारण तसंच.

आता 'ला' आपल्याला नवा नाही. कोल्हापूर, नागपूरवाल्यांना तर अजिबात नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरचे उष्णता ओळखणारे रिसेप्टर चालू करतं, म्हणून आग होते. खरी गंमत 'मा'ची. ती येते सिचुआन मिरीतून. नावात मिरी असली तरी ती मिरी नव्हे, लिंबू-संत्र्याच्या कुळातली आहे. आणि तिची सख्खी नातेवाईक आपल्या घरात आहे: तिरफळ! कोकणात, गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतो तेच. दोघांचा वंश एकच, झँथोझायलम. दोघांचं बी टाकून सालच वापरतात. सिचुआन मिरीत सान्शूल नावाचा पदार्थ असतो, तो स्पर्श ओळखणाऱ्या नसांना चाळवतो. लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की ओठांवरची ही थरथर साधारण 50 हर्ट्झच्या कंपनासारखी जाणवते. म्हणजे मिरची झणझणते आणि ही झिणझिणते. पहिल्यांदा खाणाऱ्याला ॲलर्जी झाली की काय असं वाटतं, पण थोड्या वेळात ते उतरतं.

(खऱ्या ॲलर्जीचं मात्र गांभीर्याने घ्या. बऱ्याच ठिकाणी वरून शेंगदाणे टाकतात. चालत नसतील तर आधीच सांगा, आणि कढई सगळ्यांची एकच असते हेही लक्षात ठेवा.)

आता पैशांचं. स्टॉलवर काचेमागे किंवा ट्रेमध्ये सगळं मांडलेलं असतं: कमळकाकडी, बटाट्याच्या चकत्या, काळे कानासारखे मश्रूम, टोफू, सोयाबीनच्या दुधाची वाळवलेली साय, कोबी, चिकन, कोळंबी, लंचन मीट. चिमट्याने वाडग्यात घ्यायचं आणि काउंटरवर द्यायचं. तिथे वजन होतं. पाटीवरचा भाव 100 ग्रॅमचा असतो आणि घोळ नेमका इथेच होतो. 2 डॉलर वाचून माणूस खूश होतो आणि किलोभर भरून ठेवतो.

समजा भाजी 1.80 आणि मांस 2.80 डॉलर, दर 100 ग्रॅमला. 250 ग्रॅम भाजी म्हणजे 4.50, 100 ग्रॅम चिकन 2.80, वर इन्स्टंट नूडल्सची एक वडी 1 डॉलर. झाले 8.30, आणि एका माणसाचं पोट गच्च. बटाटा, मका, कमळकाकडी जड असतात, दोन-तीन चकत्याच घ्या. पालेभाजी ढीगभर दिसते पण वजनाला हलकी. मात्र ती निथळून घ्या, नाहीतर पाण्याचेही पैसे द्याल. काही स्टॉलवर भाजी-मांस सगळ्याला एकच भाव असतो. तिथे बटाटा घेणं म्हणजे शुद्ध तोटा, कोळंबी उचला. आपल्या इंजिनिअर लोकांना हे ऑप्टिमायझेशन शिकवायला नको! पण किमान रकमेची अट असते का, ती पाटी आधी वाचा. एकट्या माणसाला तीच जास्त लागते.

मग विचारतात, किती तिखट? 'वेई ला' अगदी कमी, 'श्याओ ला' कमी, 'जोंग ला' मध्यम, 'दा ला' जहाल. "आम्ही तिखट खातो" हा अभिमान पहिल्या दिवशी घरी ठेवा, कारण तिखटाची सवय झिणझिणीला उपयोगी पडत नाही. श्याओ ला सांगा. साहित्य आधी उकळत्या पाण्यातून किंवा तेलातून काढतात. मग तेलात सुकी मिरची, सिचुआन मिरी, आलं, लसूण आणि आंबवलेल्या बाकल्याची लाल पेस्ट परततात, आणि त्यात सगळं टाकून धडाधड हलवतात. ताटातल्या सुक्या मिरच्या चावायच्या नाहीत, बाजूला काढायच्या.

शाकाहारी मंडळींसाठी स्पष्ट सांगतो. फक्त भाज्या उचलल्या म्हणून ते शाकाहारी होत नाही. मसाल्यात चिकन पावडर, ऑयस्टर सॉस, कधी गाईची चरबीही असू शकते. शाकाहारी स्टॉलवर वेगळा माला मिळतो, तिथेच जा. थोडं चालावं लागलं तरी चालेल.

सोबत साधा भात घ्याच. तो स्वस्त असतो, तेल शोषतो आणि तोच वाडगा दोघांना पुरवतो. उरलं तर डब्यात बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात शिळा भात परतला की ऑफिसचा डबा तयार. फक्त मायक्रोवेव्ह उघडताना आजूबाजूला कोण बसलंय ते बघा.