गेटवेला माणसं कशी कळली

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि गडहिंग्लजच्या नावापुढे ४१६५०२ लागलं. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यातून ती निघाली. मराठी-कानडी सीमेवरच्या तालुक्याला ही अडचण वेगळी सांगायला नको. ४१६ वर पाकीट कोल्हापूर-सांगलीकडे वळतं, ५०२ वर डाकघरात पोचतं. पुढचं घर पोस्टमनला पाठ.

ईमेलला हा पोस्टमन उशिरा मिळाला. १९८२ मध्ये मेल पोचवण्याची रीत, एसएमटीपी, ठरली, १९८६ मध्ये डोमेनची मेल कुठे न्यायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी आल्या, त्याच सुमारास मुंबईत एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटी यांच्यात डायल-अपवर मेल सुरू झाली. डोमेन कुठे आहे ते सगळ्यांना कळू लागलं. पण संस्थेच्या दारातल्या गेटवेला आतली माणसं माहीत नसत. तो येईल ते पत्र घेई. मागचा सर्व्हर ‘असा कुणी नाही’ म्हणाला की परत पाठवी. स्पॅम वाढला तसं हे अंगाशी आलं. प्रेषकाचा पत्ता खोटा असल्याने परतीची पत्रं भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडू लागली.

मग गेटवेलाच आतल्या माणसांची यादी देणं आलं. संस्थेच्या डिरेक्टरीतून पत्ते काढायचे, गेटवेवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या तक्त्यात भरायचे, अनोळखी नावाला दारातच ५५० म्हणजे नकार सांगायचा. स्क्रिप्ट दहा-बारा ओळींची, पण तिच्यात एक खड्डा आहे. डिरेक्टरी बंद असली तर यादी रिकामी येते आणि अख्खं कार्यालय ‘अस्तित्वात नाही’ ठरतं. तेही कायमचा नकार म्हणून. म्हणून शहाणी स्क्रिप्ट नवी यादी आधी बाजूला लिहिते, जुनीशी ताडून बघते, संख्या एकदम घसरली तर जुनीच ठेवते. २००४ च्या पोस्टफिक्स २.१ ने मागच्या सर्व्हरलाच विचारून घेण्याची सोय दिली. माझा कल तरी यादीकडेच. मागचा सर्व्हर झोपला तरी ती जागी असते.

२०१४ मध्ये .भारत हे देवनागरी डोमेन आलं, २०१५ च्या पोस्टफिक्स ३.० ला देवनागरी पत्ते कळू लागले. आता नवी गंमत. गोऱ्हे किंवा कऱ्हाडे यांच्यातला ‘ऱ’ एक अक्षर म्हणूनही साठतो, ‘र’ला नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, तक्त्याला मात्र दोन वेगळी माणसं. यादी भरण्याआधी आणि शोधण्याआधीही दोन्ही रूपं एक करून घ्यावी लागतात.