मातीपासून मॅटपर्यंत : निर्धाराचा एक पट

इच्छा आणि निर्धार हे शब्द बोलण्यात अनेकदा एकाच अर्थाने येतात. परंतु इच्छा म्हणजे केवळ फळाची ओढ, तर निर्धार म्हणजे ते फळ मिळेपर्यंत आपली रीत बदलण्याचीही तयारी, आणि हा भेद कराडजवळच्या गोळेश्वर येथील मल्ल खाशाबा जाधव यांच्या वाटचालीत स्पष्ट दिसतो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट, म्हणजे सर्वांत हलक्या वजनगटात ते सहावे आले, तेव्हा आखाड्याच्या तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लापुढे मॅटवरची, निराळ्या नियमांची कुस्ती होती. मातीतली निकाली कुस्ती प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवूनच संपते, तर मॅटवर चितपट न करताही गुणांवर जिंकता येते. साहजिकच तेथे ताकदीइतकाच नियमांचा अभ्यास लागतो. पुढील चार वर्षे त्यांनी वरच्या बँटमवेट गटासाठी तयारी केली आणि 1952 मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

मात्र हे यश एकट्याच्या जिद्दीचे मानणे अर्धसत्य होईल, कारण प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले होते. मैदानाबाहेरच्या मान्यतेला मात्र फार विलंब लागला : 1984 मध्ये त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तरच मिळाला.