पाच गोळ्यांचे पाकीट

मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम थांबवते. एक-दोन दिवसांनी उरलेल्या चार घेतल्या की गर्भाशय आकुंचन पावते आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होऊन गर्भ पडतो. भारतात मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन्हींच्या एकत्र पाकिटाला 2008 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीत घेतली. आपल्याच कंपन्या ती बनवतात, परदेशीही पाठवतात. पण महाराष्ट्रात डॉक्टरांची चिठ्ठी हातात असूनही मेडिकलमागून मेडिकल पालथे घालावे लागते आणि ‘ते आम्ही ठेवत नाही’ एवढेच ऐकून परतावे लागते.

असे का, हे समजायला 1860 पर्यंत मागे जावे लागते. भारतीय दंडसंहितेच्या 312 व्या कलमाने गर्भपात घडवणे हा गुन्हा ठरवला. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवण्याचा. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा आरोपी. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली. त्यात हेच कलम 88 व्या क्रमांकावर जवळजवळ जसेच्या तसे बसले आहे. गुलामीच्या खुणा पुसल्याचा एवढा गाजावाजा झाला, त्यात ही खूण कुणाच्या नजरेस पडली नाही.

1964 मध्ये केंद्राने गर्भपाताच्या प्रश्नावर महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल 1966 मध्ये आला, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी 1 एप्रिलपासून लागू झाला. चोरून गर्भ पाडणाऱ्या बायकांत बहुतेक विवाहित असतात, हे विधेयकाच्या उद्देशपत्रातच नमूद होते. पण कायद्याची बांधणी पाहावी. अमुक परिस्थितीत नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही, असे तो सांगतो. बाईला गर्भपात मागण्याचा हक्क आहे, असे तो कुठेच सांगत नाही. संरक्षण डॉक्टरला आहे. बाईला मिळते ते डॉक्टरचे मत. जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, गर्भातले व्यंग, बलात्कार, गर्भनिरोधक साधन फसणे, यांपैकी एका रकान्यात तिला बसवावे लागते. सज्ञान बाईची एकटीची संमती कायद्याला पुरते. तरी नवऱ्याची सही आणा म्हणणारे दवाखाने आजही आहेत.

2008 मध्ये मुंबईतले एक जोडपे डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष होता आणि कायद्यातली 20 आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने नकार दिला. मर्यादा वाढायला 2021 उजाडले: 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी 24 पर्यंत दोघांचे, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. साधन फसण्याच्या अटीतली ‘विवाहित स्त्री’ही तेव्हाच गेली. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांची मुभा दिली आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला. त्याच जूनमध्ये अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल उलटला होता, त्यामुळे आपण किती पुढारलेले, याची चर्चा इथे रंगली. वर्षभरानंतर, ऑक्टोबर 2023 मध्ये, त्याच न्यायालयाने 26 आठवड्यांच्या एका विवाहितेला परवानगी नाकारली. प्रसूतीनंतरच्या नैराश्याशी ती झगडत होती.

महाराष्ट्रातली गुंतागुंत मात्र या निकालांत सापडत नाही. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने 1988 मध्ये केला, तोही इथल्या स्त्री-संघटनांच्या चिकाटीमुळे. पुढे केंद्राचा कायदा नीट राबवला जावा म्हणून मुंबईची ‘सेहत’ आणि पुणे जिल्ह्यातली ‘मासूम’ या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 मध्ये 913 होती, ती 2011 मध्ये 894 झाली. लिंगनिदान करून गर्भ पाडणाऱ्या डॉक्टरमुळे परळी गाजली 2012 मध्ये. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला 2017 मध्ये 19 गर्भ पुरलेले सापडले. संताप योग्यच होता, पण त्याचा रोख चुकला. सोनोग्राफी केंद्रांवर नजर ठेवायची तिथे अन्न व औषध प्रशासनाची करडी नजर मेडिकलच्या कपाटांवर गेली, आणि भिंतींवरच्या घोषणा प्रत्येक गर्भपाताला हत्या म्हणू लागल्या.

साधा हिशेब कुणी मांडला नाही. गोळ्यांना परवानगी नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग कळते ते साधारण बारा-तेरा आठवड्यांनंतर. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणाऱ्याच्या हे पाकीट नियमाप्रमाणे उपयोगाचेच नाही. पण तपासणी, चिठ्ठ्यांच्या नोंदी आणि पोलिसांची धास्ती असा ससेमिरा मागे लावून घेण्यापेक्षा माल न ठेवलेला बरा, असे दुकानदाराला वाटले तर त्याला तरी काय बोलणार?

बाई थांबते थोडीच! 2015 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. यातल्या बहुतेकींचे ठीक होते, कारण औषध चांगले आहे. गर्भ नळीत असला, किती आठवडे झाले याचा अंदाज चुकला किंवा रक्तस्राव थांबेनासा झाला, तर विचारायला कुणी नसते. अल्पवयीन मुलीची वाट आणखी बिकट. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अशी मुलगी आणि तिचे पालक सांगतील तर तिचे नाव उघड न केले तरी चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्याच निकालात म्हटले आहे. पण ते किती ठाण्यांपर्यंत पोचले?

नऊ आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हाच पाचवा चालू असतो. उरलेल्या चारांत घरात सांगायचे, पैसे जमवायचे, शेतातली मजुरी बुडवून तालुक्याला जायचे आणि कुठल्यातरी मेडिकलमध्ये पाकीट मिळवायचे. दहावा लागला की तिच्यासाठी उरते पिशवी साफ करणे. त्याला मान्यताप्राप्त केंद्र आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतो, आणि तो बऱ्याचदा जिल्ह्याच्या गावीच भेटतो.