ट्रॅक्टरचा आवाज येतोय? मग पत्ता बरोबर आहे!

सकाळी साडेसहाला खिडकीखाली ट्रॅक्टर सुरू झाला, तेव्हा मी उशी कानावर दाबून मनातल्या मनात रिव्ह्यू लिहायला घेतला होता. 'जागा सुंदर, पण शांतता नाही. तीन स्टार.' दगडी घर, ऑलिव्हची झाडं, धुक्यातली टेकडी असे फोटो बघून आम्ही बुकिंग केलं होतं. त्यात ट्रॅक्टर कुठेच नव्हता.

तुमच्याही फोनमध्ये असे दोन-चार फोटो सेव्ह असतील. 'इटलीतल्या खेड्यात राहायचंय' ही आपल्या पिढीची आवडती बकेट लिस्ट. माझा नंबर लागला तो ताईमुळे. माझी मावसबहीण उंब्रिया प्रांतातल्या पेरुजा शहरात मास्टर्स करते. ऑक्टोबरच्या शेवटी मी तिच्याकडे गेले आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आम्ही चौघींनी चार रात्रींसाठी शेतावरचं एक घर घेतलं. रात्रीचे १०० युरो, म्हणजे माणशी २५. रोमच्या हॉस्टेलच्या तुलनेत वाईट नाही, हो ना?

तो तीन स्टारवाला रिव्ह्यू मी लिहिला नाही. का, ते सांगते. आणि तुम्हाला जायचं असेल तर आधी काय माहीत असायला हवं, तेही सांगते.

फार्महाउस नाही, शेतकऱ्याचं घर

आपल्याकडे 'फार्महाउस' म्हटलं की कर्जत, स्विमिंग पूल आणि रात्रभर स्पीकर. इटलीत शेतावर राहायच्या जागेला 'आग्रितुरिझ्मो' म्हणतात आणि हा शब्द कुणीही आपल्या पाटीवर लावू शकत नाही. त्यासाठी कायदा आहे. पहिला १९८५ चा, त्याच्या जागी आलेला सध्याचा २००६ चा. त्याचं सार एवढंच, की पाहुणे ठेवणारा आधी शेतकरी असला पाहिजे. मुख्य काम शेती, पाहुणे हा जोडधंदा. पाहुण्यांसाठी शेतावरच्या आधीपासून असलेल्या इमारती वापरायच्या. जेवण देत असाल, तर त्यात आपल्या शेतातलं आणि आपल्या भागातलं उत्पादन ठळकपणे असलं पाहिजे.

म्हणजे कळलं ना? तो ट्रॅक्टर थांबला, तर मला खोली द्यायचा हक्कच त्या घराला उरत नाही. माझी झोपमोड हीच त्या जागेच्या खरेपणाची खूण होती.

बुक करताना म्हणून हे नीट बघा. नुसतं 'कंट्री हाउस' किंवा 'व्हिला' लिहिलं असेल तर तिथे शेती असेलच असं नाही. जागा छान असू शकते, पण ती वेगळी गोष्ट. थेट मेसेज करून विचारा, शेतात काय पिकतं? खरा शेतकरी असेल तर उत्तर लांबलचक येतं.

खाली बैल, वर माणसं

आमची खोली तळमजल्यावर होती. छत विटांचं, कमानीचं. भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक लोखंडी कडी. आम्ही तिला ओल्या टॉवेलांची दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई टॉवेल बघून हसल्या आणि ताईला इटालियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. ताईनं आम्हाला सांगितलं, "अगं, इथे बैल बांधायचे. आपण गोठ्यात झोपतोय."

या भागातल्या जुन्या शेतघरांची रचनाच अशी. खाली गोठा, वर माणसं, म्हणजे थंडीत जनावरांची ऊब वर मिळायची. बाहेरून दगडी जिना. टस्कनी आणि उंब्रियात नांगराला जुंपायचे ते कियानिना जातीचे भलेमोठे पांढरे बैल.

पण त्या घरात राहणाऱ्यांचं ते घर बहुतेक वेळा स्वतःचं नसायचं. शेतकऱ्यानं जमीनमालकाच्या घरात राहायचं, सगळ्या कुटुंबानं त्याची जमीन कसायची आणि पीक निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं, अशी पद्धत होती. नाव 'मेत्झाद्रिया'. आपल्याकडे अर्धेलीनं शेती करतात, तसंच. मध्य इटलीत हे कित्येक शतकं चाललं. १९६४ मध्ये असे नवे करार करायला कायद्यानं बंदी आली. पण त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धानंतर, तरुण पोरं शेत सोडून कारखान्यांकडे निघाली होती. पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली, घरात नळ. कोण थांबणार? टेकड्यांवरची घरं एकामागून एक रिकामी पडली. छपरं खचली.

आज आपण ज्यांना 'ड्रीम कॉटेज' म्हणून लाइक करतो, त्यातली कितीतरी ही अशी सोडून दिलेली घरं आहेत. काही शहरातल्या आणि परदेशातल्या पैसेवाल्यांनी विकत घेतली. काही मात्र शेतकऱ्यांकडेच राहिली आणि पाहुण्यांच्या भाड्यावर त्यांची छपरं शाकारली गेली.

आमच्या मालकीणबाईंचं घर दुसऱ्या प्रकारातलं. त्यांचे आजोबा याच घरात अर्धेलीनं राहायचे. वडिलांनी पुढे ते विकत घेतलं. काका उत्तरेकडे कारखान्यात गेले ते गेलेच. बाईंचा मुलगा आता तीस वर्षांचा आहे, सकाळी साडेसहाला ट्रॅक्टर सुरू करणारा तोच. "नुसत्या ऑलिव्हवर तो इथे राहिला असता का?" असं मी ताईला विचारायला लावलं. बाईंनी आमच्या खोलीकडे बोट दाखवलं. राहिला तो या खोल्यांमुळे.

रविवारी पोहोचू नका!

आता कामाचं बोलू. आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नका.

पहिली चूक म्हणजे आम्ही रविवारी दुपारी पोहोचलो. गावातलं दुकान बंद, बस नाही, भूक प्रचंड. छोट्या गावांत रविवारी आणि रोज दुपारी जेवणाच्या वेळेला दुकानं बंद असतात, हे ताईलाही ऐनवेळी आठवलं नाही. शेवटी बाईंनी अंडी, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाची बाटली आणून दिली. आईनं बॅगेत कोंबलेला तिखटाचा डबा निघाला आणि उंब्रियातल्या गोठ्यात भुर्जी झाली. तर पहिल्या दोन जेवणांचं सामान शहरातूनच घेऊन चला.

दुसरी गोष्ट प्रवासाची. पेरुजाहून उत्तरेला उंबेर्तिदेपर्यंत छोटी रेल्वे आहे, पण शेतं स्टेशनपाशी नसतात. शेवटचे काही किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता. स्टेशनवर घ्यायला याल का, हे बुकिंगच्या आधी विचारा. गाडी भाड्यानं घेणार असाल, तर आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. पंचविशीच्या आतल्यांना गाडी घेताना बहुतेक वेळा जादा पैसे पडतात. आणि इटलीतल्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी येतं. तोवर तुम्ही घरी येऊन फोटोही पोस्ट करून झालेले असतात.

तिसरी गोष्ट थंडी. दगडी घर उन्हाळ्यात गार, पण ऑक्टोबर संपताना रात्री हुडहुडी भरते. काही ठिकाणी हीटिंगचे पैसे वेगळे घेतात. आम्ही ते वाचलंच नव्हतं. शिवाय बऱ्याच गावांत माणशी टुरिस्ट टॅक्सही असतो.

व्हिसा शेंगेनचा. प्रौढांसाठी फी ९० युरो, किमान ३० हजार युरोचा प्रवासी विमा आणि राहायच्या जागेचा पुरावा लागतो. शेतावरच्या घराचं बुकिंग त्यासाठी चालतं, फक्त पूर्ण पत्ता आणि सगळ्यांची नावं असलेलं पत्र मागून घ्या. आणि 'शेतात काम करा, फुकट राहा' असली ऑफर दिसली तर हुरळून जाऊ नका. टुरिस्ट व्हिसावर काम करायची परवानगी नसते.

शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही. डाळी, बीन्स, पास्ता, भाज्या भरपूर. पण पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते चालत नसेल तर आधी सांगा. 'तोर्ता अल तेस्तो' मात्र खाच. सपाट तव्यावर भाजलेली जाडसर रोटी, आत परतलेली पालेभाजी. मला आजीच्या भाकरीची आठवण आली आणि ती लपवायची गरजही वाटली नाही.

मोन्तोनेची सूर्यघडी

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, भारतात कुठून? ताईनं 'महाराष्ट्र' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग मोन्तोनेला जाऊन या, तिथे तुमचा एक जण आहे.

मोन्तोने हे टेकडीवरचं तटबंदीचं लहानसं गाव. खाली टायबरचं खोरं पसरलेलं. तीच टायबर, जी पुढे रोममधून वाहते. तिथे एक सूर्यघडी आहे, जुलै २०२३ मध्ये उभारलेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ.

आम्ही चौघी गप्प झालो. कारण खरं सांगते, मला हे नाव माहीत नव्हतं.

यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या याच वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याशिवाय सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, मग बंदुकीनं आणि शेवटी गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं लढले. ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही. इटलीतल्या लढायांत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक होते. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे.

घाडगे तेव्हा बावीस वर्षांचे होते. मी बावीस वर्षांची आहे. ते परक्या सरकारच्या सैन्यातून इथे आले आणि परत गेले नाहीत. मी रिटर्न तिकीट काढून आले आणि ट्रॅक्टरच्या आवाजावर चिडले.

त्या घडीवरच्या लॅटिन ओळीचा अर्थ आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली. एरवी मला हे कॅलेंडरवरच्या सुविचारासारखं वाटलं असतं. तिथे नाही वाटलं.

मग रिव्ह्यूत काय लिहिलं?

परतल्यावर मी पाच स्टार दिले आणि एक ओळ लिहिली, 'सकाळी साडेसहाला ट्रॅक्टर सुरू होतो, ही चांगली गोष्ट आहे.'

तुम्ही जाल तेव्हा फोटो जरूर काढा. मी दोनशे काढलेत. पण घर दाखवायला सांगा, कडी कशाची ते विचारा, तेल विकत घ्या, निघताना खोली झाडून द्या. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो, तिथे पाहुणे असतो. पाहुणा कसं वागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि इटलीचं तिकीट परवडेपर्यंत एक काम करा. महाराष्ट्रातही २०२० पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. तुमच्या आजोळचं कुलूपबंद घर असेल, त्याच्याकडे एकदा त्या नजरेनं बघून या. आमच्या घराची किल्ली मामाकडे आहे, ती मी मागितलीय. मामा म्हणाला, "आधी छप्पर बघ, मग बोल."

गणपतीत गावी जाताना आमची गाडी दरवर्षी माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकते आणि आम्ही दरवर्षी हायवेला शिव्या घालतो. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही उतरले नाही. यंदा उतरणार आहे.