घराचे रंगकाम : पहिला डबा उघडण्याआधी करायचे सुरक्षेचे नियोजन

दसरा-दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरले की रंगकाम निघते. बोलणी होतात ती रंगाच्या छटेची, चौरस फुटाच्या दराची आणि काम किती दिवसांत संपेल याची. रंगारी कशावर उभा राहणार, जुना रंग कसा खरवडणार आणि घरातले लहान मूल त्या दिवशी कुठे असेल, हे बहुधा कोणी विचारत नाही. रंगकामातले बरेच अपघात आणि आजार याच न विचारलेल्या प्रश्नांतून होतात.

हा लेख दोन प्रकारच्या कुटुंबांसाठी आहे : ज्यांच्या घरात रंगकाम होणार आहे ते, आणि ज्यांच्या घरातील कर्ती व्यक्ती रंगकाम, पॉलिश किंवा सजावटीचे काम करते ते.

रंगकामात धोका नेमका कशाचा?

*उंचीवरून पडणे.* जीव जाण्याचा किंवा कायमचे अपंगत्व येण्याचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. त्यासाठी दहावा मजला लागत नाही. स्टुलावरून डोक्यावर पडल्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

*जुन्या रंगाची धूळ.* भारतात घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी दारे, खिडक्या, ग्रिल आणि कठड्यांना दिलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. भिंतीवर रंग शाबूत असेपर्यंत ते फारसे त्रास देत नाही. कोरडे घासले की त्याची बारीक धूळ हवेत, जमिनीवर आणि हातांवर येते. शिशाची कोणतीही पातळी शरीरासाठी सुरक्षित मानली जात नाही. लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर आणि पोटातल्या बाळावर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो.

*वाफा.* थिनर, टर्पेंटाइन आणि पॉलिशमधील द्रावक श्वासावाटे थेट रक्तात जातात. डोके दुखणे, मळमळणे, हलकी नशा चढल्यासारखे वाटणे ही त्याची पहिली लक्षणे. अनेक वर्षे असे काम केल्यास विसराळूपणा आणि चिडचिड वाढू शकते. लाकडाच्या पीयू पॉलिशमध्ये मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा सुरू होऊ शकतो, आणि एकदा तो झाला की त्याच हार्डनरचा थोडासा अंशही पुन्हा धाप लावतो.

*त्वचा आणि डोळे.* चुना आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टी अल्कधर्मी असते. चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजून नजर जाऊ शकते.

*वीज आणि आग.* उघड्या स्विचबोर्डावर ओला रोलर, किंवा गच्चीजवळून जाणाऱ्या तारेला लागलेली ॲल्युमिनियमची शिडी जीव घेऊ शकते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतील शेगडीपर्यंत किंवा देवघरातील समईपर्यंत पोहोचते.

रंगाऱ्याच्या व्यवसायातील संपर्क माणसात कर्करोग निर्माण करू शकतो, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केले आहे. त्यात फुप्फुस आणि मूत्राशयाचे कर्करोग येतात. प्रत्येक रंगाऱ्याला कर्करोग होईल असा याचा अर्थ नाही. संपर्क जितका कमी, तितका धोका कमी, असा आहे.

नियोजनाचा क्रम : मास्क सर्वांत शेवटी

सुरक्षा म्हटले की मास्क आणि हातमोजे डोळ्यांसमोर येतात. ते हवेतच, पण माणूस चुकला, घाम आला, मास्क खाली सरकला की ते संरक्षण संपते. म्हणून आधी धोकाच कमी करावा. क्रम असा :

१. टाळता येईल का? शाबूत असलेला जुना ऑइल पेंट मुळापर्यंत खरवडण्याऐवजी ओला करून हलका घासला आणि त्यावर रंग दिला तर चालेल का?

२. बदलता येईल का? आतल्या भिंतींना पाण्यात मिसळणारे रंग वापरावेत. दारांनाही पाण्यावर आधारित इनॅमल मिळते.

३. वेगळे करता येईल का? एका वेळी एकच खोली, दार बंद, फटीला ओला कपडा, खिडक्या उघड्या, घरातली माणसे दुसरीकडे.

४. वेळ ठरवता येईल का? जास्त वासाचे काम सलग आठ तास न करता मध्ये मोकळ्या हवेत विश्रांती घ्यावी. बाहेरच्या भिंतीचे काम भर दुपारच्या उन्हात ठेवू नये.

५. एवढे करून जो धोका उरतो त्यासाठी मास्क, चष्मा, हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट.

एक उदाहरण

समजा, १९८५ च्या सुमारास बांधलेल्या इमारतीतील दोन खोल्यांचे घर आहे. घरात दमा असलेली आजी आहे आणि तीन वर्षांचा नातू. कुटुंबाला घर न सोडता आठ दिवसांत रंगकाम उरकायचे आहे.

यातील सर्वांत धोक्याचे काम भिंतींचे नाही, जुन्या ऑइल पेंटच्या दारा-खिडक्यांचे आहे. शिसे आहे की नाही हे तपासलेले नसेल तर ते आहे असेच धरावे. म्हणून घासकामाचे दोन दिवस आजी, नातू आणि घरात गर्भवती असेल तर ती नातेवाइकांकडे राहतील, असे आधीच ठरवावे. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावे. रंग पाणी मारून, वॉटर पेपरने घासावा. ब्लोलॅम्पने जाळू नये, मशीनने कोरडा घासू नये. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन वेळा पुसून घ्यावे आणि खरवडलेला रंग पिशवीत बांधून टाकावा. कुंडीत किंवा अंगणात तो टाकू नये. मुलाची खेळणी, पाण्याची भांडी आणि अंथरूण काम सुरू होण्याआधीच खोलीबाहेर गेलेले असावे.

पुढच्या दिवसांत भिंतींचे काम खोलीमागून खोली चालेल. लाकडाच्या पॉलिशचे काम शक्य तर शेवटी, खिडक्या उघड्या ठेवून किंवा गच्चीवर करून घ्यावे. त्या दिवशी स्वयंपाकाची शेगडी आणि देवघरातील दिवा पेटवू नये. वास पूर्ण गेल्यावरच आजीला परत आणावे. वास गेला की शिशाच्या धुळीचा धोकाही गेला असे मात्र नाही, म्हणून मूल परत येण्याआधी फरशी आणि खिडक्यांच्या कडा पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसाव्यात.

या नियोजनाचा खर्च म्हणजे थोडे प्लास्टिक, काही मास्क आणि दोन-तीन जादा दिवस. दर ठरवतानाच हे दिवस धरले तर रंगाऱ्याला घाई करावी लागत नाही.

उंचीवरचे काम

• भिंतीला टेकवलेली शिडी चार फूट उंचीमागे एक फूट या हिशोबाने पुढे ठेवावी. खाली एकाने धरावी. सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहू नये.

• खुर्चीवर स्टूल, ड्रमवर फळी असले जुगाड करू नयेत. छतासाठी चार पायांची घोडी किंवा रुंद फळीची परांची वापरावी.

• इमारतीबाहेर झुल्यावर काम असेल तर कमरेचा पट्टा पुरेसा नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा आणि त्याचा जीवरक्षक दोर झुल्याच्या दोरापासून वेगळ्या, भक्कम ठिकाणी बांधलेला हवा. लटकलेल्या माणसाला लगेच खाली कसे घ्यायचे हेही आधी ठरवावे. हार्नेसमध्ये बराच वेळ लटकत राहणे धोक्याचे असते.

• सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर थेट पाय देऊ नये. ते अचानक तुटतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे घासूही नयेत.

• फिट येणारे, इन्सुलिन घेणारे, नुकतीच रक्तदाबाची गोळी बदललेले किंवा सर्दीची झोप आणणारी गोळी घेतलेले यांनी उंचीवर चढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मद्यपान करून चढू नयेच. दारू आणि थिनरची वाफ दोन्ही मेंदूला गुंगी आणतात.

मास्क कोणता?

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. घासकामासाठी चेहऱ्याला नीट चिकटून बसणारा एन ९५ मास्क हवा. दाढीमुळे तो सैल बसतो. एन ९५ मास्क थिनरची वाफ मात्र अडवत नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि ते कार्ट्रिज वेळच्या वेळी बदलावे लागते. पीयू पॉलिशची फवारणी बंद खोलीत करूच नये.

पाण्याच्या टाकीत एकट्याने उतरू नका

टाकीला आतून रंग किंवा लेप देताना वाफ साठते आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. आत सतत ताजी हवा सोडण्याची सोय, अंगाला दोर आणि बाहेर सतत लक्ष ठेवणारा माणूस नसेल तर हे काम स्वीकारू नये.

रंगाऱ्याच्या घरच्यांसाठी

शिसे कपड्यांवरून आणि हातांवरून घरी येते. कामाचे कपडे कामावरच बदलून वेगळ्या पिशवीत आणावेत आणि मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. मुलाला उचलून घेण्याआधी आंघोळ करावी. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. धुळीच्या हाताने तंबाखू मळणे किंवा बिडी ओढणे म्हणजे शिसे थेट पोटात आणि फुप्फुसात घेणे.

हातावरचा रंग थिनर किंवा रॉकेलने काढू नये. त्वचा कोरडी पडते, भेगा पडतात आणि द्रावक अंगात शिरते. आधी खोबरेल तेल चोळावे, मग साबण लावावा.

थिनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले मूल ते पिते आणि ठसका लागून द्रावक फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो.

डॉक्टरांना कधी भेटावे?

खालील तक्रारी असतील तर वेळ काढू नका :

• कामाच्या दिवशी खोकला, धाप किंवा छातीत शिट्टी वाजणे, आणि सुट्टीत बरे वाटणे

• पोटात वारंवार कळ, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी होणे किंवा मनगट उचलता न येणे. ही शिसे वाढल्याची लक्षणे असू शकतात

• लघवीतून रक्त जाणे, दुखत नसले तरीही

• हातांवर न बरे होणारी खाज आणि भेगा

• विसरभोळेपणा, स्वभावात बदल

“मी रंगकाम करतो” हे डॉक्टरांना आपणहून सांगा. डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. शिशाची शंका असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते. मुलांमध्ये बऱ्याचदा कोणतेच लक्षण दिसत नाही, म्हणून घरात जुना रंग कोरडा घासला गेला असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. शिसे बाहेर काढणारी औषधे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. आहारात पुरेसे लोह आणि कॅल्शियम असेल तर शिसे कमी शोषले जाते. गूळ खाल्ल्याने छातीत गेलेली धूळ मात्र बाहेर पडत नाही.

अपघात झाल्यास

• *पडल्यास :* मान-पाठ न हलवता १०८ वर फोन करा. बसवून पाणी पाजू नका. शुद्धीवर असला तरी उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर तातडीने रुग्णालय गाठा.

• *डोळ्यात चुना, पुट्टी किंवा थिनर गेल्यास :* चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवा, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आधी धुणे, नंतर प्रवास.

• *थिनर प्यायल्यास :* उलटी करवू नका. बाटली घेऊन लगेच रुग्णालयात जा.

• *वाफेने गुंगी आल्यास :* मोकळ्या हवेत आणा. टाकीत असेल तर स्वतः आत उतरू नका.

• *शॉक लागल्यास :* आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा.

काम ठरवताना विचारायचे सहा प्रश्न

घरमालक आणि रंगारी दोघांनी मिळून एका कागदावर यांची उत्तरे लिहावीत :

१. जुना रंग कोणता आणि किती वर्षांचा?
२. नवीन डब्यात काय आहे? हार्डनर किंवा थिनर लागणार का?
३. सर्वांत उंच जागा कोणती आणि तिथे कशावर उभे राहणार?
४. कोणत्या खोलीची वीज कधी बंद करणार?
५. लहान मुले, गर्भवती, दम्याचे रुग्ण त्या दिवसांत कुठे राहणार?
६. काही झाले तर जवळचे रुग्णालय कोणते आणि गाडी कोणाची?

रंगकाम करणाऱ्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीची चौकशी करावी. वय १८ ते ६० वर्षे आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम, ही त्यासाठीची मुख्य अट आहे. कामाचे दिवस दाखवणारा दाखला कंत्राटदाराकडून काम संपतानाच मागून घ्यावा, नंतर तो मिळवणे अवघड जाते.